डिपॉझिटमधले सव्वीस हजार तीस रुपये

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भाचीच्या मोबाइलवर एक हिशोब येऊन पडला. डिपॉझिट ६०,०००. त्यातून रंग १४,०००, खिडकीच्या काचा ४,२००, मुदतीनंतर चार दिवस राहिल्याचे दुप्पट दराने ३,६००, शेवटचं वीजबिल १,७४०, सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारा) ९९०, साफसफाई १,५००. वजा जाता परत देणं ३३,९७०. खाली हात जोडल्याची खूण.

भाचीने तो तसाच मला पाठवला आणि मागोमाग फोन केला. "मामा, साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे ना करारावर? मग बघा आता तुम्हीच."

तिचं चुकत नव्हतं. साक्षीदार मी, घर माझ्याच सोसायटीतलं आणि घरमालकीण माझ्या दिवंगत मित्राची बायको. मी त्यांना वहिनी म्हणतो, भाची काकू म्हणते. हिशोब पाठवणारा वहिनींचा मुलगा पुण्याला असतो, तो मला काका म्हणतो. भर म्हणून मी सहा वर्षं सोसायटीचा सचिव होतो. इतक्या नात्यांत अडकलेल्या माणसाने पंच होऊ नये, पण दुसरं कुणी होईना. म्हणून कागद समोर घेऊन बसलो. हे प्रकरण त्या कागदांवरूनच लिहितो आहे, आणि नावं कुणाचीच देत नाही.

घर कसं मिळालं

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमची तीन मजली इमारत आहे. वय तीसच्या पुढे, लिफ्ट नाही. वहिनींचा वन बीएचके दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट ४१० चौरस फूट. गुडघे गेल्यावर त्यांना जिने जमेनात, म्हणून त्या ठाण्याला मुलीकडे राहायला गेल्या आणि घर भाड्याने द्यायचं ठरलं.

त्याच सुमारास भाची जागा शोधत होती. नवरा महापेला नोकरीला, म्हणजे त्याला शिळफाट्याकडे जाणारी बस पकडता आली पाहिजे. ती स्वतः मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे तिला स्टेशन हवं. चार वर्षांचा मुलगा, आणि अधूनमधून येणाऱ्या सासूबाई. नकाशावर या सगळ्यांच्या मधोमध मानपाडा रस्ताच येतो.

आधी एजंटने त्यांना दुसरंच घर दाखवलं होतं. नवी कोरी सात मजली इमारत, लिफ्ट, चकचकीत फरशी, भाडं आमच्यापेक्षा अडीच हजारांनी कमी. भाची खूश. मी म्हटलं, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागून बघ. एजंट हसला, "काका, भाड्यानेच राहायचंय ना, ओसी काय करायचीय?" डोंबिवलीकराला या हसण्याचा अर्थ कळतो. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण इथलंच, २०२२ सालीच त्यात गुन्हे दाखल झाले होते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आमच्या एजंटने दाखवलेली इमारत त्या यादीत होती असं मी म्हणत नाही, मी तपासलेलंच नाही. पण अशा इमारतीत भाडेकरूचं काही जात नाही, हे खरं नव्हे. नोटीस लागली की मालक वकिलाच्या मागे लागतो, बिल्डर गायब होतो, आणि तुमचं डिपॉझिट कुणाच्या तरी गृहकर्जाच्या हप्त्यात आधीच गेलेलं असतं. शिवाय रेराची एजंट-नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. भाड्याची घरं दाखवणाऱ्यावर तसा कुणाचाच लगाम नाही.

शेवटी वहिनींचं घर ठरलं. भाडं १३,५००, डिपॉझिट ६०,०००. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, दोन्हीकडून. मी ओळख करून दिली होती, तरीही. वहिनींनी आधीच त्याच्याकडे किल्ली देऊन ठेवली होती आणि दिलेला शब्द मोडणं त्यांना जमत नाही.

करार

वहिनींच्या मुलाचं पहिलं म्हणणं होतं, शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरी करून टाकू, घरातलंच तर आहे. मी अडून बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी मेख पुढे आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे ऐकल्यावर मुलगा लगेच नोंदणीला तयार झाला. कैदेपेक्षा या वाक्याने काम केलं.

नोंदणी ऑनलाइन झाली. एजंटचा मुलगा अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन आधी ठाण्याला गेला, मग डोंबिवलीला आला. दोन्ही पक्षांनी एकाच वेळी एकत्र बसावं लागत नाही, ही मोठी सोय. वहिनींच्या बोटांचे ठसे मात्र लागेनात. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं. चार वेळा कोमट पाण्यात बुडवून, पुसून, शेवटी मधलं बोट लागलं.

खर्चाचं गणित सांगतो, कारण या बाबतीत लोक फार फसतात. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, याच्या ०.२५ टक्के. आमच्या बाबतीत अकरा महिन्यांचं भाडं १,४८,५०० आणि व्याज ५,५००, मिळून १,५४,०००. त्यावर शुल्क चारशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटने 'सगळं मिळून' साडेचार हजार घेतले. वरचे तीन हजार यंत्र घेऊन दोन ठिकाणी फिरल्याचे. ते जास्त होते, पण वहिनींना ठाण्याहून इथे यावं लागलं नाही, म्हणून मी गप्प बसलो.

गप्प बसायला नको होतं ते मुदतीच्या बाबतीत. १ ऑगस्ट २०२३ ते ३० जून २०२४, अकरा महिने. का अकरा? "सगळे अकराच करतात." नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे, ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती पळवाट कलम ५५ ने कधीच बुजवली. एक महिन्याचा करार असला तरी नोंदवावाच लागतो. म्हणजे अकरा महिन्यांत आता काहीच वाचत नाही. मुद्रांकाचा हाच दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. आम्ही वर्षाला पाच टक्के वाढ धरून छत्तीस महिन्यांचा केला असता तरी शुल्क तेराशेच्या आसपास आलं असतं, आणि नोंदणी फी एकदाच. अकराचा आकडा आज जगवत असेल तर तो एजंटला. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी फी, जमलं तर अर्ध्या महिन्याची दलाली.

आणखी एक कारण आहे, ते जुन्या मालकांच्या मनातलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, जास्त दिवसांचं नको. घर अडकतं." त्या पिढीला १९७३ आठवतं. जुन्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवान्यावर राहत होते ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. तेव्हापासून लोकांनी घरं कुलपं लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने ही भीती काढून टाकली. मुदत संपली की मालक यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेऊ शकतो, मग करार अकरा महिन्यांचा असो की साठ. हे वहिनींना समजावण्याऐवजी मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत पुढे हिशोबात दिसते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती मुलाने पुण्यातूनच ऑनलाइन भरली. ते न केल्यास गुन्हा मालकावर, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या २२३ खाली. सोसायटीला पत्र आणि कराराची प्रत दिली. ही दोन कामं विनातक्रार झाली.

किल्ली

राहायला आले तो दिवस १ ऑगस्टचा. मुसळधार पाऊस. त्यात अधिक श्रावण चालू, त्यामुळे सासूबाई कुरकुरत होत्या. "भाड्याच्या घराला कसला आलाय अधिक महिना," म्हणत जावई टेम्पो घेऊन आला. संध्याकाळी सात वाजता, दुसऱ्या मजल्यावर, ताडपत्रीखालून एकेक खोका. मी किल्ली दिली, सगळ्यांना चहा दिला आणि घरी गेलो.

या प्रकरणात ज्याच्यावर बोट ठेवावं असा एक क्षण असेल तर तो हाच. कराराला जोडपत्र होतं. त्यात लिहिलेलं: पंखे ३, ट्यूबलाइट ४, गिझर १. भिंतींबद्दल अक्षर नाही. रंग कधी दिलेला, ओल कुठे आहे, काचांना तडे आहेत का, मीटरचं रीडिंग किती, काही नाही. दिवसा उजेडात, रिकाम्या घरात, दोघांनी उभं राहून अर्धा तास फोटो काढले असते तर पुढची सगळी बोलाचाली वाचली असती. मी सचिव असताना दुसऱ्यांना हे सांगत असे. स्वतःच्या भाचीच्या वेळी पाऊस होता.

तेवीस मे

अकरा महिने तसे सरळ गेले. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. जावयाला घरभाडे भत्त्यासाठी पावत्या हव्या होत्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर म्हणून वहिनींचा पॅनही. वहिनींनी तो विनाकटकट दिला. हे सगळीकडे होत नाही. पुष्कळ मालक पॅनचं नाव काढलं की भाडं वाढवतात.

मग २३ मे २०२४, गुरुवार. दुपारी दीड-पावणेदोनच्या सुमारास एमआयडीसीत फेज दोनमधल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. ज्यांनी २०१६ च्या मे महिन्यातला स्फोट अनुभवला होता त्यांना आवाजावरूनच कळलं. कामगारांचे जीव गेले. लांब लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. आमच्या इमारतीतल्या सात घरांच्या फुटल्या, त्यातलं एक वहिनींचं. हॉलच्या सरकत्या खिडकीच्या दोन्ही काचा आत पडल्या. भाचीचा मुलगा शाळेच्या सुट्टीत आजीकडे होता, नाहीतर ती खिडकी म्हणजे त्याची खेळायची जागा.

काचवाल्याने त्या आठवड्यात भाव वाढवून ठेवले होते. भाचीने वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुखरूप आहात ना? काचांचं बघू." खिडकीला प्लॅस्टिक लावलं गेलं. काच वहिनींच्या मुलानेच जूनच्या मध्यावर त्याच्या ओळखीच्या माणसाकडून बसवून घेतली, आणि बिल ठेवून दिलं. 'बघू' या शब्दाचा अर्थ भाचीने एक घेतला आणि मुलाने दुसरा.

दरम्यान मे महिन्यातच मुलाने कळवलं होतं, नव्या करारात भाडं १६,०००. अडीच हजारांची उडी, म्हणजे साडेअठरा टक्के. छत्तीस महिन्यांचा करार असता तर ही वेळच आली नसती. स्फोटाने भाचीचं मन तसंही उडालं होतं. तिने ठाकुर्लीला घर बघितलं. तिथला आधीचा भाडेकरू वेळेवर निघाला नाही, म्हणून ३० जूनऐवजी हे ४ जुलैला निघाले. भाचीने वहिनींना फोनवर विचारलं होतं आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "राहा गं दोन-चार दिवस, त्यात काय." फोनवर. लेखी काही नाही.

हिशोब

आता एकेक रक्कम.

काचांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मुलगा चिडून बोलत नव्हता, तो करार वाचून बोलत होता, आणि कराराच्या साच्यातलं वाक्य त्याच्या बाजूचं होतं. भावार्थ असा: जागेला काही नुकसान झाल्यास, सर्वसाधारण झीज वगळता, परवानाधारकाने (म्हणजे भाडेकरूने) ते स्वखर्चाने दुरुस्त करावं. कुणी केलेलं नुकसान? वाक्यात कर्ताच नाही. मुलाचं म्हणणं, "काका, नुकसान झालंय, झीज नाहीये, मग दुरुस्ती त्यांचीच." हा साचा हजारो करारांत जसाच्या तसा वापरला जातो आणि सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे वाक्य आठवतही नसेल.

मी त्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०८ दाखवलं. त्यात भाडेपट्टेदाराने जागा मिळाली तशी परत करावी असं आहे, पण दोन अपवाद धरून: वाजवी झीज आणि जिच्यापुढे माणसाचं काही चालत नाही अशी शक्ती. मुलगा वाणिज्य शाखेचा असला तरी हुशार. म्हणाला, "पण हे भाडेपट्ट्याला आहे, आपला तर लायसन्स आहे." बरोबर. लीव्ह अँड लायसन्स हा परवाना, तो त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ खाली येतो, आणि त्यात जागेवर हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. मी म्हटलं, मग तर उलटच आहे. जागेवर तिचा हक्कच नसेल तर ती जागा तुझी, आणि तुझ्या जागेवर बाहेरून संकट आलं तर ते तुझं. हक्क नाही म्हणायचं आणि जोखीम मात्र तिच्या गळ्यात घालायची, असं कसं? न्यायालयात हा युक्तिवाद किती टिकला असता ते वकील सांगतील. चहाच्या टेबलावर टिकला. शेवटी निर्णायक ठरलं ते वेगळंच. आमच्या इमारतीतल्या ज्या सहा घरांत मालक स्वतः राहतात, त्यांनी काचा स्वतःच्या पैशाने बसवल्या होत्या. वहिनी तिथे राहत असत्या तर त्यांनीही बसवल्या असत्या. ४,२०० गेले.

रंगाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, आणि तिथे भाची पूर्ण निर्दोष नव्हती. मुलाचं म्हणणं, घर रंगवून दिलं होतं, आता रंगवल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल, पोपडे सुटलेले. हॉलच्या भिंतीवर भाचीच्या मुलाने मेणखडूंनी आगगाडी काढलेली, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत. खिळे नऊ, आणि टीव्हीच्या ब्रॅकेटची चार भोकं.

ओलीची बाब नशिबाने सुटली. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीने सासूबाईंना घर दाखवायला तीन फोटो पाठवले होते. त्यातल्या एकात, कपाटाच्या मागे, तोच ओलीचा डाग. २ ऑगस्ट २०२३. शिवाय बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल ही सोसायटीने दुरुस्त करायची गोष्ट, उपविधी तसंच सांगतात, आणि ती दुरुस्ती सोसायटीने पुढे ढकलली ती माझ्याच कारकिर्दीत. हे मी मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

राहिला हॉल. रंग केव्हा दिला होता? मुलाला वाटत होतं २०२३ मध्ये. वहिनींनी ठाण्याहून त्यांची डायरी उघडून सांगितलं, मे २०२१, रंगाऱ्याला दिलेले पैसे तारखेसकट लिहिलेले. म्हणजे भाची आली तेव्हाच रंग दोन वर्षांचा होता, निघाली तेव्हा तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या रंगाचे पैसे नव्या रंगाच्या भावाने घेता येत नाहीत, झीज म्हणतात ती हीच. पण मेणखडूंची आगगाडी ही झीज नव्हे. नऊ खिळे? मी म्हणेन चार-पाच खिळे ही राहण्याची झीज, नऊ म्हणजे जरा जास्त. भाची यावर भडकली. "मामा, कॅलेंडर, घड्याळ, देवांचा फोटो, आई-बाबांचा फोटो, याचे हिशोब लावता?" लावले. हॉलची एक भिंत लांबी (पुट्टी) भरून रंगवायला रंगाऱ्याने चार हजार सांगितले. तेवढे भाचीने मान्य केले. १४,००० ऐवजी ४,०००.

चार दिवसांच्या दुप्पट भाड्यात मुलाची बाजू वाटते तितकी कच्ची नाही. कलम २४ मध्ये मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहेच. दिवसाला ४५० चे ९००, चार दिवसांचे ३,६००. गणित बरोबर. फक्त कलमाची भाषा, सक्षम प्राधिकाऱ्याने बाहेर काढेपर्यंत जो ताबा सोडत नाही, त्याच्याबद्दलची आहे. आपणहून चौथ्या दिवशी किल्ली देणाऱ्याला ती लागू होते का, यावर दोन वकील दोन तास बोलतील. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणाले होते राहा म्हणून. मी काय खोटं बोलू?" मुलगा गप्प. चार दिवसांचं नेहमीचं भाडं १,८०० ठरलं. ते द्यायला भाचीचीही ना नव्हती.

नॉन-ऑक्युपन्सीचे ९९० एका मिनिटात गेले, कारण करारातच लिहिलं होतं की सोसायटीची सगळी देणी, हा चार्ज धरून, मालकीण भरेल. मुलाने ते पान उलटलं नव्हतं. जाता जाता एक कबुली. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हा चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. आमचं सेवाशुल्क ९००, म्हणून महिन्याला ९०. त्याआधी आमची सोसायटी सरळ तीनशे रुपये लावत होती, आणि आदेश निघून बरीच वर्षं झाल्यावरही लावत होती. पावत्यांवर सही माझी आहे.

वीजबिल १,७४० पूर्ण भाचीचं. बिल अजूनही वहिनींच्या यजमानांच्या नावाने येतं. महावितरणचं बिल मागच्या वापराचं असतं, त्यामुळे घर सोडताना ते कधीच हातात नसतं. निघताना मीटरचा फोटो काढला होता म्हणून युनिटवर वाद झाला नाही. साफसफाईचे १,५०० मुलाने स्वतःच सोडले, म्हणाला ते एजंटने सुचवलं होतं.

४,००० अधिक १,८०० अधिक १,७४०, एकूण ७,५४०. परत देणं ५२,४६०.

हे तडजोडीने झालं नसतं तर पुढे काय होतं, तेही सांगतो. पोलीस ठाण्यात गेलो असतो तर "ही दिवाणी बाब आहे" हे उत्तर मिळालं असतं, आणि ते चूकही नव्हे. सक्षम प्राधिकारी घराचा ताबा मिळवून देतो, डिपॉझिट नाही. म्हणजे राहिलं कल्याणचं दिवाणी न्यायालय. अठरा हजारांसाठी वकिलाची फी, तारखा, आणि लॅबमधून सुट्ट्या. मालकांना हे ठाऊक असतं. म्हणून डिपॉझिटमधून कापताना हात मोकळा सुटतो. भाडेकरूच्या हातात एकच गोष्ट असते, शेवटच्या दोन-तीन महिन्यांचं भाडं न देता ते डिपॉझिटमधून वळतं करणं. पुष्कळ जण तेच करतात. भाचीलाही ते सुचवलं गेलं होतं, मे महिन्यात, तिच्या ऑफिसातल्यांकडून. तिने केलं नाही, कारण काकू. करायला हवं होतं का? करारात तशी मुभा नव्हती, आणि थकबाकीदार म्हणून तिची बाजू कमजोर झाली असती. पण तसं करणाऱ्या माणसाला मी आता पूर्वीइतकं नावं ठेवत नाही.

२१ जुलैच्या रविवारी, गुरुपौर्णिमेला, वहिनी मुलीबरोबर डोंबिवलीला आल्या. जिने चढणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे माझ्या तळमजल्यावरच्या घरात बसलो. मुलाने पुण्याहून पैसे पाठवले, भाचीच्या मोबाइलवर टिंग झालं. मी एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं की डिपॉझिटचा हिशोब पूर्ण, दोन्हीकडून काही देणंघेणं नाही. दोघींच्या सह्या. वहिनींनी सही करून झाल्यावर भाचीला विचारलं, "ती आगगाडी तुझ्या लेकानं काढलीय ना? गार्डाच्या डब्यात कोण बसलंय?"

"आजोबा," भाची म्हणाली.

ऑगस्टमध्ये त्या घरात नवं बिऱ्हाड आलं. करार या वेळी छत्तीस महिन्यांचा, साक्षीदार पुन्हा मी. जोडपत्र मुलाने स्वतः टाइप करून आणलं होतं, दोन पानांचं. पंखे ३, ट्यूबलाइट ४, गिझर १. बेडरूम, बाहेरची भिंत, ओल, फोटो जोडला आहे. हॉल, खिडकी, काचा नवीन, जून २०२४. मीटर रीडिंग. हॉल, डावी भिंत, रंग जुलै २०२४. आणि खाली, उजवी भिंत: खिळे २, काढू नयेत.